खिसा क्रमांक सात

रबाळ्याच्या गाळ्यात आम्ही बावीस मशिनी.
आधी शाळांचे गणवेश, मग हॉटेलवाल्यांचे एप्रन,
आता हे.
हे म्हणजे कुणासाठी, ते बाहेर बोलायचं नाही,
असं वेर्णेकर शेठनी सांगितलंय,
आणि मोबाईल दारातल्या डब्यात.

जुनं जाकीट नमुन्याला आलं होतं.
दोघींनी धरून टेबलावर घेतलं.
शकुंतला म्हणाली, अगं, हा तर भरलेला सिलिंडर.
अस्तरावर घामाचे नकाशे,
एकावर एक, मिठाच्या कडांचे.
आजोबांच्या मिठागरात बांधावर
अशीच पांढरी रेघ धरायची.
ती मिठागरं कुठे होती विचाराल
तर या गाळ्यापासून फार लांब नाही.

नवं निम्म्या वजनाचं.
कापड लेझरनं कापून येतं, कडांना जळका वास.
एक पट्टा ओढला की सगळं अंगावरून गळून पडतं,
माणूस पाण्यात पडला तर, म्हणे.
एका बारटॅकला बेचाळीस टाके, मी मोजते.
एक्केचाळीस निघाले तर उसवते.

मार्चमध्ये सुभेदार ठोंबरे आले, रिटायर्ड.
जाकीट घालून वाकले, रांगले,
कटिंगच्या टेबलाखालून पार गेले,
पोरी ओढणी तोंडावर धरून हसल्या.
मग म्हणाले, मशिनी बंद करा.
पंखे पण.
तो कॉम्प्रेसर पण.

अकरा वर्षांत हा गाळा गप्प झालेला
मी ऐकला नव्हता.
पत्रा तापून टिकटिकत होता.
बेलापूर रस्त्यावर एक ट्रक गिअर बदलत होता.
कुणाच्या तरी बांगड्या.
त्यांनी खिसा क्रमांक सातचं वेल्क्रो उघडलं.

चर्र.

एवढंच. पण बाविसाच्या बावीस दचकलो.
"मला डाव्या कानानं येत नाही," ते म्हणाले,
"तरी आलं."
पुढे काही बोलले नाहीत.
त्या कानाचं काय झालं,
ते आम्ही विचारलं नाही.

रात्री गोठिवलीला, घरी,
पोरगा बुटांसकट झोपलेला.
पट्टीकडे गेलेला हात थांबला.
मग सोडवत गेले, सुताएवढी, सुताएवढी,
एकेक आकडा,
माझाच श्वास मला मोठा वाटला.
नाही जागा झाला.

सात नमुने बाद.
चुंबकाची कळ: होकायंत्र भरकटतं.
बटण: हातमोज्यात सापडत नाही.
प्रेसबटण: टच्.
चेन तर विचारूच नका.
आठवा शकुंतलानं रेनकोटच्या पिशवीवरून काढला,
लवचीक दोरीचा फास, बोटभर खुंटीत अडकणारा.
सुभेदारांनी डोळे मिटून, मोजे घालून
पन्नास वेळा उघडला.
गाळा पुन्हा गप्प.
पत्र्याची टिकटिक तेवढी.

कागदावर त्याचं नाव 'बदल चार'.
शकुंतलाला शेठनी आइस्क्रीमचा कप दिला,
तिला मधुमेह आहे, तो मी खाल्ला.

ऑक्टोबरात चाचणीचे तीन परत आले.
माप: मध्यम, लांब.
नाव नाही. नावं नसतात.
एकाची कोपरापाशी खरवडलेली बाजू,
मी तिथून बोट दोनदा फिरवलं, उगाच.
खिसा सातमध्ये एक सुई सापडली,
हिरवी, चिवट, पण झाडाची.
राळेचा वास. इथली नाही.

नियम असा, की सापडेल ते रजिस्टरात लिहायचं.
मी लिहिलं: खिसा ७, रिकामा. फास ठीक.
सुई माझ्या डबीत आहे,
सोळा नंबरच्या सुयांमध्ये.
ती डबी उघडताना मी हल्ली
झाकण अंगठ्यानं धरून ठेवते.

उद्यापासून चारशेचा लॉट.
दोरा अजून आलेला नाही.